बिनवासाचं

जानेवारीत डुलूथला
नुसतं ‘हो’ म्हटलं तरी ओठ फुटतो.
तळं म्हणतात त्याला, पलीकडचा काठ दिसत नाही,
तिथून वारा येतो गोदीवरचं लोखंड चाटत,
आणि घरात हीटर रात्रंदिवस
भिंतींतलंही पाणी पिऊन टाकतो.

औषधांच्या दुकानात, सातव्या रांगेत,
मी खाली बसून डब्यांच्या पाठी वाचते.
पोटावरचं वाचायचं नसतं,
पोटावर गुलाब असतो, बर्फाचं शिखर असतं.
खरं ते पाठीवर, मुंगीच्या अक्षरात,
पंगत बसवल्यासारखं: जास्त असेल तो वर,
चिमूटभर असेल तो पार खरकट्याजवळ.
पहिल्या पाटावर पाणी.
पैसे पाण्याचेच मोजायचे,
हे आपण गवळ्याकडून शिकलेलोच आहोत.

मग ग्लिसरीन. गोड, पण लबाड.
हवेत ओल असली तर हवेतून आणतं,
नसली तर तुमच्याच आतून उपसतं
आणि वर चेहरा तुकतुकीत.
(पहिल्या हिवाळ्यात मी फोनवर
अशीच ‘सगळं छान’ म्हणायचे.)

म्हणून वर झाकण हवं.
पेट्रोलियम जेली: स्वस्त, चिकट,
चारचौघांत न नेण्यासारखी,
पण दाराला पाठ लावून बसते.
सेरामाइड, विटांमधला चुना. महाग. घेतलं.
युरिया वाचला आणि एकटीच हसले.
देवरुखला भावाच्या दुकानात
मी त्याच्या गोणीवर बसून उधारी लिहायचे,
हाताला लागला की आई ओरडायची, धू आधी.
इथं दहा टक्के, टाचांसाठी, अठरा डॉलर.
ठेवला परत. चिरलेल्या कातडीला तो झोंबतो,
आणि मिसेस टोलेफसनची नडगी
कांद्याच्या पापुद्र्याएवढी उरलीय.

एका डब्यावर तेराव्या जागी
गार्सिनिया इंडिका.
कोण ही बाई, म्हणून फोनमध्ये पाहिलं तर
भिरंडेल! आमचं भिरंडेल,
पळीत वितळवून भेगेत सोडायचं,
चटका बसला की आई म्हणायची, मुरलं.
पासपोर्टावरचं नाव लावून
सुगंधाच्याही मागे, उंबऱ्यापाशी बसलेलं.
मी ओळख दाखवली नाही.
चोवीस डॉलर होते.

वासाचं काही आणायचं नाही,
लेकीनं फिनिक्सहून पाठवलेल्या यादीत
त्या ओळीखाली दोन रेघा आहेत.
“बिनवासाचं म्हणजे?” मिसेस टोलेफसन विचारते,
“मी आधीच गेले की काय?”
एक्याण्णव वर्षं. वाढली शेतावर,
तिथं सगळं घर तोंडाला फासायचं
गाईच्या सडांचं मलम.
त्याला गोठ्याचा वास यायचा
आणि तिला तोच हवाय.

मी टॉवेलनं टिपते, पुसत नाही.
अंगावर ओल आहे तोवरच लावायचं,
तीन मिनिटांत, न घासता.
रात्रभर माझ्या मनगटावर ठेवून पाहिलंय आधी,
हे तिला सांगितलेलं नाही.
“फार घेतलंस,” ती म्हणते. “फुकट जाईल.”
आणि स्वतःच्या पायावरचं जास्तीचं
दोन बोटांनी निपटून
माझ्या फुटलेल्या पेरांवर ठेवते,
वाटीत उरलेलं तूप
शेवटच्या पोळीला लावावं तसं.

सव्वादोनला पुढचं घर.
दारातच, नियमाप्रमाणे, हात धुवायचे.
साबण, वीस सेकंद, आजचं अकराव्यांदा.
पहिल्या पाटावरचं पाणी
सगळं घेऊन जातं.
तरी मी बोटं हुंगून पाहते.
काही नाही.
बिनवासाचंच होतं.