खालचा सूर

मे महिना. खुरसापाशी लदीन, दिवेलागणीला.
वाड्यावरच्या पोरांनी खुरसाला चुना काढलाय,
अबोलीचे सर, चार मेणबत्त्या. वारा आला की तीनच.
मेश्त्री बोस्त्यांव व्हायोलिनचे कान पिळतो
आणि इश्पेरांस, सत्तरी उलटलेली,
पहिला सूर उचलते, थेट झावळ्यांपर्यंत.
हे सगळं मला खिडकीतून ऐकू येतं.
मी जात नाही. अकरा वर्षं झाली.

माझा देव माझ्याजवळ आहे.
मागच्या खोलीत, पाण्याच्या कळशीशेजारी
एक क्रूस, एक खुर्ची.
रविवारी फोनवर मिस्सा लावतो,
कुठल्याशा थंड शहरातली. बाकं रिकामी, ऑर्गन सुरेख.
प्रवचन लांबलं तर बोटाने पुढे सरकवतो.
कुणी विचारत नाही, कुमगार का घेतला नाहीस,
मुलगी लिस्बनला कुणाबरोबर राहते,
फेस्ताला यंदा किती देणार.
देव आणि मी. मध्ये फक्त डास.

याला कारण आहे.
माझा बाप रुझार.
खाजनाचा बांध फुटला त्या भरतीच्या रात्री
अख्खं बेट चिखलात उतरलं होतं,
गोळे हातोहात जात होते,
कुणाचा हात कुणाला लागला, कुणी पाहिलं नाही.
बाप पहाटेपर्यंत छातीभर पाण्यात.
पुढच्या वर्षी त्याने कॉन्फ्रारीचा तांबडा झगा मागितला
तर खजिनदार हळूच म्हणाला,
"ती आमची आहे, रुझार. आमची."

आपली म्हणाला असता तर?
दोनच अक्षरं वेगळी.
बाप मरेपर्यंत शेवटच्या बाकावर बसला.
मेला तेव्हा खांदा द्यायला तेच झगे आले,
उन्हात घामाघूम, आणि त्यातले दोघे खरंच रडत होते.
मला तेही सहन झालं नाही.

लदीनीत लोक पुन्हा पुन्हा एकच उत्तर देतात,
आमच्यासाठी विनंती कर, आमच्यासाठी.
लॅटिनमध्ये देतात.
त्या भाषेला आमचं आणि आपलं यातला फरक कळत नाही.
गरीब भाषा.
की शहाणी?

परवा दुपारी घरात एकटा होतो.
वाटलं, गाऊन बघू.
आठ वर्षांचा असल्यापासून मी सेगुंद गायलो, खालचा सूर.
तोंड उघडलं. चाल येईना.
जे आलं ते असं, की दुसरं कुणीतरी काही सांगतंय
आणि मी मधूनमधून हं, हं म्हणतोय.
सांगणारं कुणी नव्हतं.
कळशीत आवाज घुमला तेवढाच.
इतकी वर्षं मी समजत होतो
की मला ते गाणं येतं.

काल इश्पेरांस आली. दारातच थांबली,
लदीनीचे उकडलेले चणे कागदात बांधून आणलेले,
जसे ती आजाऱ्याला आणते.
"उद्या शेवटची," म्हणाली. "आपली लदीन.
मी वर चढते रे, पण खाली कुणी धरायला नाही.
शिडी हलते."
"झगेवाले असतील?"
"असणार की. बेसूर आहेत मेले, पण येतात."
मी काही बोललो नाही.
तिने पायरीवरचं माझं वाळत घातलेलं फडकं
उगाच झटकलं, पुन्हा वाळत घातलं
आणि शेवटची फेरीबोट भोंगा देत असताना निघून गेली.

मी कुणाला माफ केलेलं नाही.
हे लिहून ठेवतो, कारण उद्या कुणी म्हणेल.
चणे खाल्ले, गार झालेले, मीठ जरा जास्त.
मग चुलीवर पाणी ठेवलं,
त्यातही चिमूटभर मीठ घातलं
आणि मागच्या दारात उभा राहून
बराच वेळ गुळण्या केल्या.