तीन कोटेशनं

तीन कागद, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
डनीडनच्या या चढावर वारा फटीफटीतून घरात येतो,
म्हणून एकावर मिठाची बरणी, एकावर चष्म्याचं घर,
तिसऱ्यावर मर्डोचा पत्र्याचा डबा.
अजून त्यात त्याचे स्क्रू खुळखुळतात.

पहिला लेस्टर क्विलचा : अकरा हजार दोनशे डॉलर.
'बाहेरून सगळं रंगवून देऊ.' बस, एक ओळ.
सगळं म्हणजे काय, ते त्या ओळीलाच ठाऊक.
त्याने घर फाटकातूनच पाहिलं,
गाडीचं इंजिनही बंद केलं नाही.
म्हणाला, "छान ठेवलंय हो घर, मिसेस टलक,"
आणि मला दिवसभर बरं वाटलं.

दुसरा चौदा पानी, चकचकीत.
ब्रॉनविन नावाच्या मुलीने छपरावर ड्रोन उडवला,
शेजारच्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी घातली नाहीत.
परांचीचे वेगळे, भिंती धुण्याचे वेगळे,
करड्याच्या अकरा छटा,
एकीचं नाव 'भिजलेला खडक', एकीचं 'कालचं दूध'.
एकोणीस हजार सहाशे, वर कर.
सोबतच्या फोटोत माझं घर दुसऱ्याच कुणाचं वाटतं
आणि आवारात एक म्हातारी वर बघत उभी आहे,
डोळ्यांवर हात धरून.

तिसरा राविरीचा, पेन्सिलीने लिहिलेला.
तो भिंतीभिंतीवर बोटांनी टकटक करत हिंडला,
डॉक्टर पाठीवर करतो तसा.
दक्षिणेच्या भिंतीशी, जिथे आमच्याकडे ऊन पोचत नाही,
गुडघ्यांवर बसला. नखाने पापुद्रा उचलला :
हिरवा, खाली मलईचा, खाली पुन्हा हिरवा,
तळाशी एक राखी.
"यात शिसं असणार," म्हणाला, "मास्क लागेल."
पंधरा हजार नऊशे. कुजलेल्या फळ्या मीटरवर.
आणि शेवटी, जागा सोडून :
'आधीचा रंग ओल्या लाकडावर. काम नवशिक्याचं.'

नवशिक्याचं!
चाळीस वर्षं, दर सहाव्या उन्हाळ्याला
मर्डो शिडी काढायचा.
पाऊस थांबला रे थांबला की ब्रश बुडवायचा,
कारण सोमवारी पुन्हा टपालाची गाडी.
मी शिडी धरायची.
तो वरून विचारायचा, कसं दिसतंय?
मी म्हणायचे, छान.
मान वर न करता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
राविरीचा कागद घडी करून
शेगडीच्या लाकडांत खोचला.

रात्री पुन्हा बेरजा करत बसले.
लेस्टरच्या ओळीत परांची नाही, फळ्या नाहीत,
शिसं नाही,
मर्डोही नाही.
टॉर्च घेतला, बटाटे सोलायची सुरी घेतली,
गाऊनवरच दक्षिणेच्या अंगाला गेले.
सुरी फळीत शिरली ती मुठीपर्यंत,
केक भाजला का बघायला खुपसावी तशी.
बाहेर काढली तर पात्याला ओला भुसा.
म्हणजे केक कच्चाच.
बंदरावरून गार वारा येत होता. मी हसले,
मोठ्याने, एकटीच.
मग बराच वेळ हसले नाही.

सकाळी लाकडांतला कागद काढला, फोन लावला.
पैशांचं काही बोलले नाही.
म्हटलं, एक शब्द बदल, सही करते.
पलीकडे रेडिओ, कुणीतरी खरवडत होतं काहीतरी.
"कुठला?" असं त्याने विचारलं नाही.

दुपारी नवा कागद आला.
'आधीचा रंग घरच्या माणसाने दिलेला. लाकूड ओलं होतं.'
ओलं ते त्याने ओलंच ठेवलंय.
आणि रक्कम सोळा हजार ऐंशी :
पन्हळ मोजायची राहिली होती, समासात लिहिलंय.

पेन घेऊन बाहेर गेले, वर पाहिलं.
खरंच की. पन्हळ.
मर्डोसुद्धा दर वेळी तीच विसरायचा.