तारेचा नमुना

गाडी बर्फाच्या मुलखातली, दोन सीटची.
तिकडं तेल गोठतं, म्हणून
ऑइलचा पाइप एक्झॉस्टला चिकटून नेलेला.
इथं परभणीत, मे महिन्यात
बॉनेटवर हात ठरत नाही,
प्रेशरचा काटा सिग्नलगणिक खाली बसतो.

मुनीरखाँ म्हणाले, वाट बदलू.
पाइप कापू नको लगेच, आधी तार वाकव.
कुंपणाची तार आणली.
कूलरपासून निघालो, बॅटरीखालून,
स्टिअरिंगच्या दांड्यापाशी दोनदा चुकलो,
चाक वळवलं की घासायचं.
मग चेसिसच्या कडेकडेनं,
सावली धरून चालणाऱ्या माणसासारखा.

पाइप मिळाला ऊसतोडणी यंत्रांच्या दुकानात.
दुकानदार हसला: एवढ्याशा गाडीला?

जिंतूर रोडला पळवली. काटा हलला नाही.
खाँसाहेबांनी वाकून जोडावर बोट फिरवलं.
कोरडं.
तरी पँटीला पुसलंच.

देवणीकर वकिलांनी दिवाळीत गाडी विकली.
तार अजून खिळ्याला आहे,
तिच्यावर उधारीच्या चिठ्ठ्या टोचतो आम्ही.
वकीलसाहेबांचीही आहे एक,
बरोबर स्टिअरिंगच्या त्या वळणावर.