दोन थेंब

लान्साना कोनाक्रीहून आला तो
जुन्या टॉवेलात गुंडाळलेली अकरा घड्याळं घेऊन.
चाळीस नेली होती. अकरा परत.
"ही चालत नाहीत," तो तुटक कँटनीजमध्ये म्हणाला,
"आणि हे एक आहे ना, ते फार चालतं."

ग्वांगझौ, तिसरा मजला, लिफ्टशेजारची दीड मीटर फळी.
वर गुणगुणणारी ट्यूब, खाली मी, मो रुइफांग,
डाव्या डोळ्याला भिंग.

पहिल्याला किल्ली दिली दोन बोटांनी, हलकेच,
तर आतला रोटर
टेबलफॅनसारखा गरगरायला लागला.
लान्साना खूश. त्याला वाटलं, केवढा जोर आहे यात!
मी लगेच मागचं झाकण लावून टाकलं.
कोरडी चाकं एकमेकांना धरून बसली की असं होतं.
द्यायची असते स्प्रिंगला किल्ली,
नाचत सुटतं सगळं घर.

कुणाची तारीख एकतीस आणि एकच्या फटीत अडकलेली.
कुणाच्या बेअरिंगमधून काजळीसारखी पूड,
ती थेट खड्यांपर्यंत पोचलेली.
चेहऱ्याला मात्र एकाच्याही नाव ठेवायला जागा नाही.
काचेवरची भिंगातूनच दिसणारी खूणसुद्धा जागच्या जागी.
नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात.
लागली होती.
सगळी दिसण्यावर खर्च झाली.

मला माहीत आहे, कारण
डोंगग्वानच्या त्या शेडमध्ये चौथ्या बाकावर मी बसायचे.
तेल पाच ठिकाणी, असं भिंतीवरच्या कागदावर.
हातात नगामागे नव्वद सेकंद.
मुकादम फान म्हणायचा, तीन ठिकाणी पुरे,
पुढचं गिऱ्हाइकाच्या मनगटाचा घाम बघून घेईल.
आम्ही हसायचो, हात न थांबवता.
तपासणीच्या यंत्रावर ठेवलं की सरळ रेघ यायची.
पहिल्या दिवशी सगळीच सरळ चालतात.
वेळ मारून नेणं म्हणजे काय
ते आमच्याइतकं कुणी शब्दशः केलं नसेल.

"हे फार चालतं ते बोटीच्या फाटकावरच्या कारकुनाचं,"
लान्साना सांगत होता.
"बेटावर जाणारी शेवटची बोट.
याचं घड्याळ बावीस मिनिटं पुढे. त्यानं फाटक लावलं.
माणसं धक्क्यावर, बोट अर्धी रिकामी.
त्याला महिनाभर घरी बसवलं.
पैसे परत नाही मागितले हो त्यानं.
म्हणाला, आत बघून सांगा, चूक कुणाची."

मी उघडलं.
पुलाच्या तिसऱ्या स्क्रूशेजारी
नखाच्या कोरीएवढा अर्धचंद्र ओरखडा.
माझ्या पेचकसाचं टोक तुटलेलं होतं त्या वर्षी,
नवा मागितला तर फान पगारातून कापायचा.

ट्यूब गुणगुणत राहिली.
केसाएवढी स्प्रिंग स्वतःलाच चिकटली होती,
म्हणून धावत होतं बिचारं, आखूड पावलांनी.
तीही मी सोडवली. चाकं धुतली.
मग चौथ्या जागी एक थेंब,
पाचव्या जागी एक.
सहा वर्षं उशिरा.

"कुणाची?" त्यानं पुन्हा विचारलं.
"तेल नव्हतं," मी म्हणाले.
"म्हणजे कुणीच घातलं नाही?"
"नाही घातलं."
वाक्याला कर्ता लावायचा राहिला.

त्यानं घड्याळ कानाशी धरलं.
सेकंदाला आठ ठोके,
मोजता येत नाहीत, विश्वास ठेवावा लागतो.
"किती दिवस चालेल?"
मी बघितलं माझ्या मनगटावर:
पंचवीस युआनचं, प्लास्टिकचं, सेलवरचं.
"बघू," म्हणाले.

उरलेली दहा इथेच ठेवून गेला.
शेड बंद पडली, सुटे भाग मिळत नाहीत,
अस्सलचे बसवावेत तर केसभर मोठे.
एकमेकांचे काढून एकमेकांत घालीन.
तीन होतील त्यातून.
फार तर चार.