पांढरा पिस्टन

मथुराबाई पागधरे चार बंदुका गोणपाटात बांधून
खैरानी रोडच्या माझ्या गाळ्यात आल्या,
तेव्हा लेथवर कुणाच्या तरी मिक्सरचा शाफ्ट होता.
"बांद्र्याच्या जत्रेला वीस दिवस राहिले," म्हणाल्या,
"आणि या रडतात."

नळी मोडली. खरंच रडली.
आत लोखंडावर लोखंड घासून
सिलिंडरला उभे ओरखडे,
मांजरानं बंद दाराला नखं मारावीत तसे.
पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचा वायसर,
त्यांच्या नवऱ्यानं जुन्या बुटाच्या जिभेतून कापलेला,
एरंडेल पाजून पाजून काळा केलेला.
नवरा जाऊन चार वर्षं.
वायसर अजून ओलसर.

मी म्हटलं, नायलॉन घालू.
हलकं, गुळगुळीत, तेल मागत नाही.
नागदेवीवरून दांडा आणला, वजनावर, सुरणासारखा.
लेथवर त्याची साल निघते ती लांबच लांब,
न तुटणारी, पांढरी;
इद्रिस ती गळ्यात घालून दिवसभर नवरदेव.
घट्ट नको, ढिला नको,
दोन थाऊ मोकळा ठेवला
आणि निवांत झोपलो.

तिसऱ्या दिवशी अडकला.
फुगला होता. ऑगस्टातली हवा प्यायला होता.
या शहरात मिठाची बरणी, संडासाचं दार आणि नायलॉन
सारखेच वागतात,
हे बत्तीस वर्षं गाळा चालवून
मला कळायला हवं होतं.

मग ॲसिटल.
हाडासारखा पांढरा, पाण्याशी ओळख न ठेवणारा.
त्याची खोड निराळी:
इतका हलका, की पुढच्या हवेवर आपटून
मागे उडायचा,
छरा नळीतच असताना.
शेवटी त्याच्या पोटात बोटभर लोखंड भरलं.
वजन काढायला बसलेला मी,
वजन घालून उठलो.

रात्री साडेदहाला, शेजारचा पॉवर प्रेस थांबल्यावर
पहिला बार.
ठण्ण नाही, किर्र नाही,
खांद्याला हिसका नाही,
जळक्या तेलाचा तो निळा धूर नाही.
नुसतं
टप्.
डब्याला भोक.
पुन्हा टप्. त्याच भोकाच्या कडेला.
इद्रिस म्हणाला, "उस्ताद, ही तर चोरपावलानं चालते."
चारही तशाच करून दिल्या.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी फोन.
"काय करून ठेवलंस रे बाबा?
पोरं दहाच्या दहा फोडतायत.
अस्वलं संपली बक्षिसाची.
फुगे फुगवून फुगवून गाल सुजलेत माझे."

हे माझ्या हिशोबातच नव्हतं.
मी थाऊ मोजले, स्प्रिंगचे वेढे मोजले,
पण कुणाचं तरी पोट
लोकांचा नेम चुकण्यावर भरतं,
हे व्हर्नियरवर कुठं वाचायचं?

म्हटलं, जुनं सामान ठेवलंय, परत लावून देतो.
फोनमध्ये थोडा वेळ नुसती जत्रा वाजली.
"तीन दे तशा," म्हणाल्या. "एक राहू दे."

रविवारी गेलो.
मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बिऱ्हाडं
विकणाऱ्यांच्या रांगेपलीकडे त्यांची ताडपत्री.
बाह्या दुमडलेला एक दांडगा आला,
सोबत कुणीतरी बघणारी.
त्याला त्यांनी रडकी दिली.
त्यानं नऊ चुकवले आणि वाऱ्याला शिव्या घातल्या.

मग एक सातेक वर्षांची, चष्म्याला दोरी बांधलेली.
तिच्यासाठी मथुराबाईंनी टेबलाखालून
पांढऱ्या पोटाची काढली,
नळी स्वतःच मोडून दिली.
टप्. टप्. टप्.
प्रत्येक फुग्यानंतर पोरगी मागे वळून बघायची,
कुणी बघितलं की नाही ते.

मीही वीस रुपये ठेवले.
मथुराबाईंनी माझं तोंड निरखलं,
चांगलं, वेळ घेऊन,
आणि एक बंदूक पुढे केली.
खांद्याला लागली तेव्हाच कळलं:
बूट, एरंडेल, ठण्ण.

दहातला एक.
तोही शेजारचा.