तिसऱ्या मजल्यावरची किल्ली

किल्ली माझ्याकडे असते.
साधी, लोखंडी, हरवू नये म्हणून तिला
लाल लोकरीचा धागा बांधलेला.
धागा चौदा महिने करकरीत राहिला.
यावरूनच काय ते समजा.

नकाशांच्या कपाटांमागे काचेच्या भिंतींची खोली:
एक गोल टेबल, सहा खुर्च्या,
भिंतभर पांढरा फळा.
दारावर पाटी, 'समूह अध्ययन कक्ष'.
फीत कापली तेव्हा भाषण झालं, गरम मंडासी वाटले,
आणि माझ्या हाती दिली दोनशे पानी नोंदवही.
भरलं दीड पान.
त्यातही निम्म्या नोंदी माझ्याच: 'आज कोणी नाही.'

मग झोंबाची ही मुलं अभ्यास करायची कुठे?
जिन्यावर. वसतिगृहाच्या धुण्याच्या ओट्यावर.
आमच्याच इमारतीमागे, जॅकरांडाखाली,
एका पुस्तकाभोवती पाच डोकी,
जणू एकाच ताटात न्सिमा वाढलाय.
चिपेरोनी सुटला,
जूनमधली ती थंड, चिवट भुरभुर,
की पुस्तक स्वेटरखाली आणि पांगापांग.
मी वरून, काचेतून पाहायचो.
पाठीशी सहा खुर्च्या.

वरच्या ऑफिसातून प्रश्नावली आली. प्रश्न चौथा:
'सदर कक्षाची आपणांस माहिती आहे काय?'
उत्तरं गोळा करायचं काम माझ्याकडे.
कुणी लिहिलं, ती प्राध्यापकांची आहे ना?
कुणी, पैसे पडतात का?
कुणी नुसतंच, बोलू देतात? इथे?
आणि लिम्बानी काफुम्बाटा, भूगोल, दुसरं वर्ष:
'रोज तिथूनच जातो.
वाटलं, कुणाला चक्कर आली तर निजवायची सोय असेल.'
मी हसलो. मग हसू गिळलं.
'शांतता राखा' या पाटीवरची धूळ
बावीस वर्षं पुसतोय कोण?

जुलैत एका रात्री वीज गेली.
सगळी इमारत काळी, आणि ती एक खोली उजळलेली.
छपरावरच्या सौर बॅटरीची तार तिथे जोडलीय
हे मीसुद्धा विसरलो होतो.
उजेडाला पाखरं यावीत तसे चौघे आले,
पुढे तामंदानी म्वाले, पायात मोजे, मोज्यांवर चपला,
सकाळी जीवशास्त्राची परीक्षा.
"बाम्बो, आत यायला कुणाची परवानगी लागते?"
मी किल्ली शोधायला लागलो.
दार उघडंच होतं. कुलूप मी कधी लावलंच नव्हतं.

पहाटेपर्यंत त्यांनी फळाभर मूत्रपिंड काढलं,
माझ्या टेबलावरच्या पेनने,
ज्याने मी खोक्यांवर नावं घालतो. न पुसणारं पेन.
मी साबण लावला. रॉकेल लावलं. लिंबू चोळलं.
मूत्रपिंड तिथेच, उलट थोडं तकतकीत झालेलं.
आता तक्रार लिहावी म्हणून कागद आणायला गेलो
आणि परतलो तर दोन अनोळखी पोरं काचेला नाक लावून:
"ती धमनी आत जाते रे, हिने बाहेर काढलीय."
"मग जा, सांग तिला."
"तूच चल."

तक्रार राहिली.
शुक्रवारपर्यंत बाणांचे तीन रंग झाले,
एका बाणाखाली 'चूक', त्याखाली 'तूच चूक',
आणि नोंदवहीत अशी अक्षरं
जी मला चष्मा लावूनही लागेनात.
लिम्बानी येऊन एका खुर्चीत बसून गेला,
कुणी आजारी नव्हतं.

मी आठवीत थांबलो.
गणितातलं एक पान अडलं होतं,
कंदील होता, पुस्तक होतं,
विचारायचं कुणाला, ते ठाऊक नव्हतं.
काल बंद करताना, जुन्या सूचीच्या
पाठकोऱ्या कार्डावर तोच प्रश्न लिहिला
आणि फळ्याच्या कोपऱ्यात डिंकाने चिकटवला. नाव घातलं नाही.
सकाळी खाली तीन उत्तरं.
तिन्ही वेगळी.
एकाने शेवटी लिहिलंय,
'संध्याकाळी सहाला या, भांडून ठरवू.'