गेटपासची वही

कुंदन, तू चटईचं युनिट घेतोयस एमआयडीसीत.
मशीनचं कोटेशन दाखवलंस, शेडचा पत्रा कुठला घ्यावा
ते विचारलंस, वीजजोडणी, सबसिडी, सगळं.
एक विचारलं नाहीस,
म्हणून न विचारता सांगते.

आमच्या डाळमिलमध्ये पाकीट आलं मंगळवारी.
कामगार न्यायालय, जळगाव, असा शिक्का.
मी आधी तुरीची गाडी उतरवून घेतली,
मग ते फोडलं.
अर्जदार: तोताराम शेनफडू सपकाळे.
गैरअर्जदार: मी.
आपलं नाव असं पलीकडच्या बाजूला छापलेलं
कधी वाचलं नव्हतं.

तोताराम चाळणीवर होता, अकरा वर्षं.
एप्रिलच्या एका दुपारी, पारा चव्वेचाळीसवर,
मी गेटात उभी राहून म्हणाले होते,
'उद्यापासून येऊ नको.'
तीन शब्द. ना पत्र, ना चौकशी.

दिवाणजी म्हणाले, घाबरू नका वहिनी,
मागच्या तारखांची पत्रं करून टाकू,
शाईचं मी बघतो.
कागद दोन दिवस गच्चीवर टाकला की जुना दिसतो.
आपल्या जळगावचं ऊन,
पापडांना पुरतं तसं पुराव्यालाही पुरतं.

फालक वकिलांनी चहा बाजूला सारला.
'नसलेलं तयार करू नका. असलेलं सगळं आणा.
तुमच्या विरुद्ध जाईल ते
सगळ्यात आधी आणा.'
खरं तर तुला एवढंच सांगून थांबायला हवं.

त्या रात्री ऑफिसात पत्र्याच्या पेट्या उघडल्या.
पगारपत्रकांच्या पानांतून तुरीची टरफलं गळत होती,
बोनसच्या अंगठ्यांवर अजून पिवळी धूळ.
हजेरीपटात मार्चच्या नऊ, दहा, अकराला
तोतारामपुढे लाल शाईत 'गै.'
याच तीन दिवसांवर माझा सगळा राग उभा होता.

आणि गेटपासची वही,
जी कुणी मागितलीच नव्हती,
वॉचमननं पट्टीनं रेघा मारून ठेवलेली.
नऊ तारीख, रात्री पावणेबारा:
ट्रक एक, कट्टे दोनशे दहा, उतरवून घेणार तोताराम.
दहाला पुन्हा. अकराला पहाटेचे तीन.
खाली त्याचीच सही, 'त'चा पाय लांब ओढलेला.
रात्रभर कट्टे मोजणारा माणूस
सकाळच्या हजेरीत कुठून दिसणार?
दोन्ही वह्या माझ्याच, एकाच टेबलाच्या दोन खणांतल्या.
एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या.

वाटलं, ही एवढी वही
चुनीच्या पोत्यात सरकवली तर गुरांबरोबर जाईल.
वाटलं. तुझ्यापासून लपवत नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात तो बाकाच्या टोकाला बसलेला,
शर्टाची घडी अजून मोडायची होती.
म्हटलं, वही सापडली.
'मी सांगेल व्हतं ना ताई,' तो म्हणाला,
'वही तुमनी शे. मन्हाजोडे काय शे?'
खरंच, त्या दुपारी गेटात तो काहीतरी बोलत होता.
मशीन चालू होतं, मला ऐकू आलं नाही,
आणि मशीन बंद करा
असंही मी कुणाला म्हणाले नाही.

तडजोडीचा मसुदा झालाय. मागचा पगार, नोकरी सलग धरून.
आकडा मोठा आहे, खोटं कशाला बोलू.
फालक म्हणाले, खोट्या पत्रांचा याहून मोठा असतो.
दिवाणजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तर पहिल्या दिवशी मशीनला नारळ फोडशील
तेव्हाच नेमणूकपत्रं दे, झाडणाऱ्या बाईलाही.
आणि राग येईल त्या दिवशी कुणाला काढू नकोस.
आरोप कागदावर लिही, त्याचं उत्तर लिहून घे,
रात्र जाऊ दे, मग दोन्ही वाच.
वह्या एका खणात ठेव.

पुढची तारीख एकोणीस.
परत यायचं की नाही
ते ठरवायला तोतारामनं आठ दिवस मागितलेत.
चाळणीवर सध्या नवा माणूस आहे.
काल जेवताना
आपल्याच डाळीतला खडा दाताखाली आला.